सॉइल पाइप म्हणजे मातीचा नळ नव्हे : बाग, बांधकाम आणि मिळकतीच्या व्यवहारातले शब्द

घरगल्ली (धागाकर्ता), मुलुंड

नमस्कार. आमची सहकारी गृहनिर्माण संस्था मुलुंडला आहे आणि इमारतीला ४० वर्षे होऊन गेली आहेत. गेल्या वर्षी मोठ्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक आले, ते इंग्रजीत होते. सर्व सभासदांना ते वाचता यावे म्हणून आम्ही कार्यकारिणीतल्या दोघांनी बसून त्याचा मराठी मसुदा केला आणि सूचनाफलकावर लावला. त्यात 'सॉइल पाइप बदलणे, ११० मिमी' या ओळीचे मराठी आम्ही 'मातीचा पाइप बदलणे' असे केले. हा मसुदा करणाऱ्यांपैकी एक मीच होतो, म्हणून ही चूक माझीही आहे.

सर्वसाधारण सभेत या एका ओळीवर जवळजवळ तासभर चर्चा झाली. काहींना वाटले की हा खर्च आवारातल्या बागेच्या मातीत पाणी सोडण्याच्या नळीचा आहे, आणि बागेसाठी एवढे पैसे कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. काही ज्येष्ठ सभासदांना जुन्या चिनी मातीच्या पाइपांची आठवण झाली आणि फुटणारे पाइप पुन्हा का घालता, असे त्यांनी विचारले. दोन्ही बाजूंचे म्हणणे शब्दाला धरूनच होते. विषय पुढच्या सभेवर गेला आणि मध्ये पावसाळा आला.

त्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात स्वयंपाकघराची भिंत काळी पडली. मी नळकारागिराबरोबर मागच्या घरगल्लीत, म्हणजे इमारतीमागच्या अरुंद बोळात गेलो. तिथे बीडाचे दोन उभे पाइप हातभर अंतरावर शेजारी शेजारी वर जातात. तिसऱ्या मजल्याच्या पातळीला त्यांतल्या एकाच्या जोडातून पिंपळाचे रोप बाहेर आले होते; पाने जेमतेम सात-आठ, पण मूळ अंगठ्याएवढे जाड होऊन जोडाच्या आत शिरलेले, आणि त्याच्या खाली भिंतीवर ओघळाचा काळपट पट्टा पहिल्या मजल्यापर्यंत उतरलेला. कारागिराने त्या पाइपावर थाप मारली आणि म्हणाला, ''साहेब, हा सॉइल. तो पलीकडचा वेस्ट.'' तेव्हा कुठे मला कळले की सभेत आपण तासभर भलत्याच वस्तूविषयी बोलत होतो.

दुसरा मसुदा करण्याआधी मला आपणा सर्वांचे साहाय्य हवे आहे. बाग, बांधकाम, नळकाम आणि घराची कागदपत्रे यांत जे शब्द फसवतात, ते कृपया आपल्या अनुभवासह लिहावेत.

ओळंबा, ठाणे

धागाकर्ते, आपण हा विषय काढलात याचे समाधान वाटले. मी ३५ वर्षे मुंबईतल्या बांधकामांवर देखरेख केली आणि शब्दांमुळे वाया गेलेले काम पुष्कळ पाहिले आहे.

इंग्रजीत 'सॉइल' हे एकाच रूपाचे दोन निराळे शब्द आहेत. एकाचा अर्थ माती. दुसरा जुन्या फ्रेंचमधून आलेला असून त्याचा अर्थ मळवणे, घाण करणे असा आहे, आणि त्यावरूनच मैल्यालाही तो शब्द लागला. नळकामातला सॉइल हा दुसरा. म्हणजे शौचकूपातून मैलापाणी नेतो तो सॉइल पाइप, आणि न्हाणीघर, हात धुण्याचे भांडे व स्वयंपाकघराची मोरी यांचे सांडपाणी नेतो तो वेस्ट पाइप. मराठीत मैलापाणी आणि सांडपाणी हा भेद इतका स्पष्ट आहे की 'मैलापाण्याचा पाइप' एवढे लिहिले असते तरी कोणाची फसगत झाली नसती. कारागिराशी बोलताना मात्र सॉइल आणि वेस्ट हेच शब्द ठेवावेत, कारण त्याच्या तोंडी तेच आहेत.

जुन्या इमारतींत हे दोन पाइप वेगळे असतात. वेस्टचे पाणी खाली गली ट्रॅपमध्ये, म्हणजे दुर्गंधी अडवणाऱ्या जमिनीतल्या भांड्यात पडते आणि तिथून चेंबरकडे जाते. सॉइल थेट चेंबरला जोडलेला असतो. नव्या उंच इमारतींत बहुधा दोन्ही एकाच उभ्या पाइपात घेतात. त्यामुळे सांडपाणी बागेला वळवण्याचा विचार कोणाची संस्था करत असेल, तर इमारतीत एक पाइप आहे की दोन, हे आधी घरगल्लीत जाऊन पाहावे. एकच असेल तर ते पाणी झाडांना देता येणार नाही. पावसाच्या पाण्याचा तिसरा पाइप निराळाच असतो. मुंबईत पर्जन्यजलवाहिन्या आणि मलनिस्सारण वाहिन्या या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, परंतु आपण दोहोंना सर्रास 'गटार' म्हणतो. 'गच्चीचे पाणी गटारात सोडावे' एवढेच लिहिले, तर कारागीर जवळ दिसेल त्या चेंबरमध्ये ते सोडतो, आणि मग जोराच्या पावसात तळमजल्याच्या शौचकूपातून पाणी उलटे येते. मी हे दोन इमारतींत डोळ्यांनी पाहिले आहे.

आता 'नहाणी ट्रॅप'. न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळीखाली जे वाकडे भांडे असते, त्याला भारतभरातले अभियंते इंग्रजीतही हेच म्हणतात. हा आपला 'न्हाणी' शब्द आहे. मुरूमही तसाच इंग्रजी तपशीलपत्रकांत गेला, आणि गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबाही. आपले शब्द परक्या भाषेतल्या कागदांवर टिकून आहेत आणि आपण मात्र त्यांच्या जागी अवघड संस्कृत शब्द शोधत बसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाणी कायम उभे राहिले पाहिजे, कारण तेच दुर्गंधीला अडवते. उन्हाळ्यात महिनाभर गावी जाऊन आल्यावर घरात वास येतो, तेव्हा बहुतेक वेळा ते पाणी आटलेले असते. दोन तांबे पाणी ओतले की काम होते. त्यासाठी जमीन फोडायला कोणी सांगितले तर आधी हे करून पाहावे.

आपल्या पिंपळाविषयी एक सूचना. बीडाच्या पाइपांचे जुने जोड सुतळी ठासून वर वितळलेले शिसे ओतून केलेले असत. प्लंबर या शब्दाच्या मुळाशी शिशाचे लॅटिन नावच आहे, आणि गवंड्याच्या ओळंब्याचे इंग्रजी नावही त्याच धातूवरून पडले. त्या जोडाला भेग पडली की मूळ ओलाव्याच्या मागे आत शिरते. वरून रोप छाटल्याने काही साधत नाही. जोड उघडून मूळ समूळ काढावे लागते, आणि आपल्या बाबतीत तो तुकडा बदलणेच योग्य ठरेल.

गच्चीवरची जास्वंद, बोरिवली

ओळंबाकाका, आपला प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. नळकाम मला कळत नाही, परंतु माझ्या घराच्या गच्चीवर १२ वर्षांपासून बाग आहे आणि मातीच्या शब्दांनी मलाही पुष्कळ फसवले आहे.

पहिला शब्द 'ब्रास'. बाग सुरू केली तेव्हा रोपवाटिकेत लाल मातीची पोती मिळत असताना मी स्वस्त पडेल म्हणून एका पुरवठादाराकडून 'एक ब्रास' माती मागवली. मला ते मोठे पोते वाटले होते. सकाळी फाटकाशी ट्रक उभा राहिला आणि इमारतीच्या दारात ढीग पडला. ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजेच सुमारे ४ टन माती, हे मला तेव्हा कळले. त्यातली बरीचशी मी शेजारच्या तीन संस्थांना वाटली.

दुसरा शब्द 'चांगली माती'. आमच्या आवारात रस्त्याचे काम झाले तेव्हा ठेकेदाराच्या माणसाने मला आपुलकीने सांगितले, ''ताई, तुमच्या वाफ्यातही चांगली माती टाकून देतो.'' त्याने मुरूम टाकला, वर पाणी मारले आणि धुमसाने ठोकून दिला. त्याच्या दृष्टीने ती उत्तम भरणी होती. माझी मोगऱ्याची रोपे त्यात दोन महिन्यांत पिवळी पडली, कारण मुळांना हवाच मिळेना. मला जी माती भुसभुशीत, काळसर, पालापाचोळा कुजून झालेली हवी असते, ती बांधकामावर आधी खरवडून बाजूला टाकतात. भुसभुशीत ही माझ्या तोंडी स्तुती आहे आणि त्यांच्या तोंडी तक्रार आहे.

म्हणून आपल्या मसुद्यात नुसते 'माती' असे कुठेही लिहू नये, अशी माझी विनंती आहे. बागेच्या कामात 'लाल माती, शेणखत आणि कोकोपीट यांचे मिश्रण' असे लिहावे, आणि बांधकामाच्या कामात 'मुरूमाची भरणी' असे लिहावे.

'वाफसा' या शब्दाविषयीही लिहावेसे वाटते. पाऊस उघडल्यावर जमिनीत ओल असते पण चिखल नसतो, मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचला तर फुटतो, त्या अवस्थेला आपल्याकडे वाफसा म्हणतात. कुंडीला पाणी कधी द्यावे, असे मला नेहमी विचारतात. वाफसा मोडला की द्यावे, एवढेच उत्तर आहे. शहरातल्या नव्या बागकर्त्यांना हा शब्द माहीत नसतो आणि ते दररोज ठरल्या वेळी पाणी घालून झाडे कुजवतात.

ओळंबा, ठाणे

जास्वंदताई, वाफशावरून आठवले. मुरूम दाबतानाही आम्ही तशीच मूठ आवळून पाहत असू. पाणी कमी असेल तर कण सरकत नाहीत, जास्त असेल तर रूळ फिरला तरी भरणी लिबलिबते. मधला नेमका ओलावा साधला की ती घट्ट बसते. कृती तीच, हेतू मात्र उलटा : आपल्याला मातीत हवा राहायला हवी असते आणि आम्हाला ती घालवायची असते.

ब्रासविषयी थोडी भर घालतो. माती, रेती आणि खडी यांत ब्रास म्हणजे १०० घनफूट, परंतु गिलावा किंवा फरशी यांत तोच शब्द १०० चौरस फुटांसाठी वापरतात, आणि नळकामात 'ब्रासचा कॉक' म्हणजे पितळेचा. एकाच अंदाजपत्रकात हे तिन्ही अर्थ येऊ शकतात. म्हणून एकक पूर्ण लिहावे : घनमीटर किंवा चौरस मीटर.

गच्चीवरच्या मातीचा भार हा मात्र केवळ शब्दांचा प्रश्न नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. लोक 'फूटभर माती' सहज बोलून जातात. भिजलेल्या मातीचे वजन एका घनमीटरला साधारण १,८०० किलो धरले, तर ३० सेंटिमीटर थराचे वजन दर चौरस मीटरला ५४० किलो होते. भारतीय मानक ८७५ मध्ये वावर असलेल्या गच्चीसाठी धरलेला चल भार (माणसे आणि हलवता येणाऱ्या वस्तू यांचा) दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो आहे. तिपटीहून अधिक भार आपण त्या स्लॅबवर कायमचा ठेवतो. त्यात पावसाळ्यात पाण्याचा निचरा अडला तर कोब्याखालची ओल वेगळीच. वाफे घालायचे असतील तर संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावे, आणि एरवी हलक्या मिश्रणाच्या कुंड्या तुळईच्या व खांबांच्या रेषेवर ठेवाव्यात.

मातीच्या कणांची नावेही तपासून वापरावीत. शेतीच्या पुस्तकांत २ मिमीपर्यंतच्या कणाला वाळू म्हणतात; आमच्या मानकात ४.७५ मिमीपर्यंतचा कण वाळूतच मोडतो. पोयटा हा शब्द तर एकीकडे वाळू आणि चिकणमाती यांच्यामधल्या बारीक कणासाठी येतो आणि दुसरीकडे 'पोयट्याची जमीन' म्हणून तिन्ही कणांचे उत्तम मिश्रण असलेल्या जमिनीसाठी येतो. आपण बागेत म्हणता ती पोयट्याची माती ही दुसरी.

चौथा मजला, गिरगाव

माझा प्रतिसाद लहान आहे. आमच्या चाळीत 'मोरी' म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातली उंचवट्याने अडवलेली, शहाबादी फरशी घातलेली जागा. तिथेच भांडी घासायची, तिथेच आंघोळ करायची. गावी माझ्या आजोळी मात्र मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याचा बांधीव मार्ग. आमच्याकडे दुरुस्तीच्या कागदावर 'मोरी दुरुस्ती' लिहिले होते आणि कामगार आवारातले रस्त्याखालचे गटार उपसून गेले. आमच्या मोरीतून खालच्या बिऱ्हाडात पाणी झिरपत होते, ते तसेच राहिले.

घरगल्ली हा शब्द धागाकर्त्यांनी आपल्या नावासाठी घेतला, ते मला आवडले. दोन इमारतींच्या पाठींच्या मध्ये ही अरुंद बोळ असते आणि दोन्हींकडचे पाइप तिथेच उतरतात. खिडकीतून तिथे कचरा टाकला जातो आणि गली ट्रॅप तुंबतो. अनेक नव्या रहिवाशांना आपल्या इमारतीला घरगल्ली आहे, हेच ठाऊक नसते.

जोते, दादर

कागदपत्रांच्या बाजूने काही लिहितो. माझे काम गृहनिर्माण संस्थांच्या नोंदींचे आहे.

पहिली गोष्ट 'माती परीक्षण' या शब्दाची. पुनर्विकासाची चर्चा चालू असलेल्या एका संस्थेने दरपत्रके मागवताना नुसते 'माती परीक्षण' असे लिहिले. एका प्रयोगशाळेने सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद आणि पालाश तपासण्याचा दर पाठवला, त्यासाठी अर्धा किलो नमुना पुरतो. दुसऱ्या दरपत्रकात खडकापर्यंत बोअर घेऊन थर तपासण्याचा खर्च होता. दोन आकड्यांत इतके अंतर होते की समितीला दुसऱ्याविषयी संशय आला. पायासाठीच्या तपासणीला 'पायाच्या जमिनीची बोअर घेऊन तपासणी' असे सरळ लिहावे. मुंबईत तर ते फार महत्त्वाचे आहे, कारण सात बेटांमधली खाजणे आणि खाड्या बुजवून हे शहर वाढले. एकाच भूखंडाच्या एका टोकाला दोन मीटरवर कातळ लागतो आणि दुसऱ्या टोकाला भरावाखाली खाडीची मऊ चिकणमाती असते, असे घडू शकते. मग इमारत एका बाजूने अधिक खचते, भिंतींना तिरपे तडे जातात, आणि जमिनीखालचे पाइप जोडांत निखळतात. पाइप पुन्हा पुन्हा त्याच जागी सुटत असेल, तर जमिनीकडेही पाहावे.

दुसरा शब्द 'चटई क्षेत्र'. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्या आहे. घरातल्या आतल्या भिंती त्यात धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, पाइपांचे शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. पण 'चटई क्षेत्र निर्देशांक' यातले चटई क्षेत्र ते नव्हे. तो निर्देशांक एकूण बांधलेल्या क्षेत्राचे भूखंडाशी असलेले प्रमाण सांगतो. अनेक सभासद निर्देशांकाला भूखंडाच्या क्षेत्राने गुणून आलेला आकडा आपल्या घरांत वाटून टाकतात आणि मग हिशेब जुळत नाही म्हणून भांडतात. डक्ट, म्हणजे पाइपांचा शाफ्ट, चटई क्षेत्रात येत नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. तो घरात घेऊन तिथे कपाट करणाऱ्याने सगळ्या इमारतीच्या पाइपांची वाट बंद केलेली असते.

तिसरा शब्द 'गळती', आणि हा आपल्या कामाचा आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) गच्चीतून होणारी गळती, पावसाच्या पाण्याने होणारी आतली गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे होणारी गळती, यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. ज्या दुरुस्त्या संस्थेकडे दिलेल्या नाहीत, त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायच्या. वरच्या घरातल्या न्हाणीचा कोबा फुटून खाली पाणी आले, तर ते संस्थेचे काम ठरत नाही. त्यामुळे तक्रारअर्जात 'भिंतीला गळती आहे' एवढे लिहून भागत नाही. पाणी थेंब थेंब गळते, छतातून झिरपते, की जमिनीलगत ओल वर चढते, आणि ते फक्त पावसात होते की बाराही महिने, हे लिहावे. बाराही महिने असेल तर कारण बहुधा नळाचे किंवा न्हाणीचे असते. फक्त पावसात असेल तर बाहेरच्या भिंतीचे किंवा गच्चीचे असते. धागाकर्त्यांच्या इमारतीत पाऊस संपल्यावर ती भिंत सुकली का?

घरगल्ली (धागाकर्ता), मुलुंड

जोतेसाहेब, नाही. दिवाळीतही ती ओलीच होती, आणि सकाळी आठच्या सुमारास, म्हणजे सगळ्या घरांत वापर असतो तेव्हा, डाग अधिक गडद होत असे. आपला प्रश्न मी तसाच्या तसा त्या घरातल्या वहिनींना विचारला आणि त्यांनी पंधरा दिवस वेळा लिहून ठेवल्या. त्या नोंदीमुळे दोष सामाईक सॉइल पाइपाचा आहे आणि खर्च संस्थेचा आहे, यावर कोणाचे दुमत उरले नाही.

नवा मसुदा काल फलकावर लावला. ओळंबाकाकांच्या सांगण्याप्रमाणे एकके पूर्ण लिहिली आहेत, जास्वंदताईंच्या विनंतीप्रमाणे 'माती' हा शब्द कुठेही एकटा ठेवलेला नाही, आणि 'मोरी'च्या जागी 'स्वयंपाकघरातील भांडी घासण्याची जागा' असे लिहिले आहे. कारागिराला तो मोठ्याने वाचून दाखवला. त्याने एकाच ठिकाणी थांबवले : आम्ही वरच्या टाकीतून घरात येणाऱ्या पाइपाला 'अधोगामी जलवाहिनी' म्हटले होते. ते खोडून 'डाऊनटेक, म्हणजे गच्चीच्या टाकीतून घरात येणाऱ्या पाण्याचा पाइप' असे केले.

ज्या ओळीवरून हा धागा सुरू झाला, ती आता अशी आहे : 'मागील घरगल्लीतील मैलापाण्याचा बीडाचा उभा पाइप (सॉइल पाइप) तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्याच्या चेंबरपर्यंत काढून त्या जागी ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप बसवणे, जोडात शिरलेले पिंपळाचे मूळ भिंतीतून पूर्ण काढणे, भिंत सुकल्यावर बाहेरून गिलावा करणे.'

सभा येत्या रविवारी आहे. पिंपळाचे रोप मुळासकट सुटून आले तर ते लावायला आवाराबाहेर, कोणत्याही पाइपापासून दूर जागा हवी आहे. मुलुंड-भांडुपच्या बाजूला कोणाच्या माहितीत अशी जागा असल्यास कृपया इथेच कळवावे.